बोटभर जागा

सियागंजात, हकीमुद्दीनभाईंच्या दुकानात
दोन टायर शेजारी शेजारी टांगलेले.
एक पंचेचाळीसचा, गुटगुटीत, अंगभर गोटे,
बघताक्षणी भरवसा वाटावा असा.
दुसरा अडतीसचा. मधून गुळगुळीत,
कडेला तेवढे दात,
वळला तरच दिसणारे.

मी पंचेचाळीसवर हात ठेवते.
साहजिक आहे. वय त्रेपन्न, गुडघा डावा,
महू सोडलं की जानापावच्या पायथ्याची खडी,
मग बैलगाडीची चाकोरी,
मग घाट उतरून निमाड, थेट महेश्वर.
जाड म्हणजे मऊ, मऊ म्हणजे बरं,
एवढं मला गाद्यांवरून माहीत.

हकीमुद्दीनभाई वाद घालत नाहीत.
सायकल उलटी करतात,
पुढच्या चाकावर जाड टायर चढवतात, फिरवतात.
"उंगली डालो, बाई."
टायर आणि चिमटा यांच्या मध्ये
बोट जात नाही.
"अब सोचो, यहाँ मिट्टी आएगी."

मी म्हणते, कार्तिक संपत आला, आता कुठला चिखल?
ते म्हणतात, पाऊस नाही, पलेवा तर आहे.
गव्हाच्या शेतांत पाणी सोडलंय,
पाट फुटून वाटेवर येतात,
आणि वाट माळव्याची, काळी.

तिला मी ओळखते.
सांवेरला सातवीत असताना
माझी एक चप्पल तिने ठेवून घेतली होती.
दुसरी मी हातात धरून घरी नेली,
आई म्हणाली, ही तरी कशाला आणलीस?

आधी माती चिकटते, मातीला गवत,
गवताला पुन्हा माती.
चाक जड होतं, मग हट्टी होतं,
मग तुम्हीच सायकलला खांद्यावर घेता.
अडतीसवर घसरेन कदाचित.
पण फिरेन.

पंचेचाळीस परत खुंटीवर गेला.
चांगल्या स्थळाला नकार कळवल्यासारखं
उगाच वाईट वाटलं मला.

आत त्यांनी पांढरा चीक ओतला,
रुईचं पान तोडलं की येतो तसला.
बाभळीचा काटा घुसला
तर भोक आतल्या आत मिटेल, म्हणाले.
किती दिवस टिकतो?
चार महिने. नंतर वाळतो.
हवेचं मापयंत्र त्यांच्याकडे आहे, ते गल्ल्यावर पडलेलं असतं.
अंगठ्याने दाबून सांगतात:
कच्च्या पेरूपेक्षा नरम, पिकल्यापेक्षा कडक.
मागची मोठी तबकडी बत्तीस दातांची होती,
ती चाळीसची करून घेतली.
तो खर्च गुडघ्याच्या नावाने.

रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर
सामान मोजतेय.
दोन ट्यूब, साखळीची एक जादा कडी,
टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा कापलेला तुकडा
(टायर फाटला तर आतून लावायला, हेही भाईंचंच),
टॉर्च, गुडघ्याचा पट्टा, क्रोसिन.
मृणाल मुंगीचा फोन:
तिने टूथब्रशचा दांडा अर्धा कापलाय,
नऊ ग्रॅम वाचले.
मी तिला शेवेबद्दल सांगत नाही.
लवंगेची, तिखट, दोनशे ग्रॅम,
काट्यावर ठेवलीसुद्धा नाही,
सरळ पिशवीच्या तळाशी.

गजर चारचा. झोप काही येत नाही.
पाणी प्यायला उठते, तशीच गॅलरीत जाते,
अंधारात चिमट्यामध्ये बोट घालून बघते.
जातं. वर थोडी जागा राहते.
बोटाला नव्या रबराची काळी लागते,
पुसायला टॉवेल शोधते
तेव्हा कळतं, टॉवेल घ्यायचा राहिला.

पिशवी काठोकाठ भरलेली.
शेव काढली तर मावेल.

दिवा मालवते.
महेश्वरला घाटाच्या पायऱ्यांवर
ऊन असतंच की नऊपर्यंत.
वाळेन.