उतारावरचं खेचर

निकानोरची गोष्ट मी खिळा खिळा जुळवली,
लिओनच्या छापखान्यात, रॉकेलच्या उजेडात:
गावकरी मगरीला हाकलतात
आणि नदीच्या उताराच्या राखणीला
बसवतात एक खेचर,
लढाईत एका कानाने बहिरं झालेलं.
पहिल्या वर्षी ते पेंढीभर गवत मागतं.
दुसऱ्या वर्षी शिकतं
पाण्यात पोटावर निजून राहायला,
फक्त डोळे वर.

मंत्रालयातून एवेलियो आला. प्रुफं वाचली.
डोंगरात आम्ही तिघांनी बुटांचा एकच जोड
पाळीपाळीने घातला होता. मला सैल व्हायचा,
तर त्यात मक्याची पानं कोंबून द्यायचा
हाच एवेलियो.
"खेचर काढ," तो म्हणाला.
निकानोरने बैल केला.
"बैलही काढ."
निकानोरने वैतागून भोपळा केला,
उतारावर बसलेला भोपळा!
एवेलियो बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून राहिला.
"हाही मीच," म्हणाला.

"तुझं नाव कुठे आहे त्यात?" मी विचारलं.
त्याला ऐकू गेलं नसावं.
मग माझ्या लक्षात आलं,
मी त्याच्या डाव्या बाजूला उभी होते.
इतकी वर्षं कधी राहिले नव्हते.

गोष्ट निघाली नाही.
निकानोर कुठे आहे ते विचारायचं नसतं.
खिळे सोडवून मी खणाखणांत परत टाकले,
आणि सोमवारी त्यांतलेच उचलून
सरकारी पत्रक जुळवलं:
उतारावर नवी जकात,
माणशी एक पेंढी.