नमुन्याची किल्ली

कास्त्रोच्या या धक्क्यावर
एकोणतीस वर्षं कुलपं विकतोय मी.
ओहोटीला इथं घरांचे खांब उघडे पडतात,
शेवाळलेले, चिखलात रुतलेले.
भरतीला कुणाला काही दिसत नाही.

यास्नाचं झालं, त्या आठवड्यात
धंदा तिप्पट झाला.
बायका आल्या. जोडीजोडीनं आल्या.
आडणा आहे का, साखळी आहे का,
दाराला भिंग बसवून देता का.
शाळेच्या बाईंनी मुलींसाठी शिट्ट्या मागितल्या, बत्तीस.
शिट्ट्या मी ठेवत नाही.
पुरुष कुणी आलं नाही.
हो, एक आला. त्याला मेंढ्यांच्या गोठ्यासाठी कुलूप हवं होतं.

काउंटरला टेकून सगळं बोलून झालं:
एकटी राहते.
दिवा फार उशिरापर्यंत असतो.
डोन्या एदुविखेस म्हणाल्या,
टाळी काय एका हातानं वाजते?
मी सुटे पैसे मोजत होतो. मान हलवली.
कशी हलवली ते आठवत नाही.
आठवतं.

मग जाणकार म्हणून मला दार बघायला नेलं.
कुलूप माझंच. पाच खिट्ट्यांचं.
एक ओरखडा नाही. बिजागरी शाबूत.
हवालदारानं लिहून घेतलं:
जबरदस्तीच्या खुणा नाहीत.
तो दाराबद्दल लिहीत होता.
गावानं ते तिच्याबद्दल वाचलं.

नाव तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
बहिणीच्या नवऱ्याचं.
तो म्हणाला, दार तिनंच उघडलं.

आणखी काही सांगायचंय? मला विचारलं.
मी म्हणालो, साखळी लावून घे, असं मी तिला बजावलं होतं.
घेतली नाही तिनं.
खरंच आहे ते. सही केली खाली.

आणि हे सांगितलं नाही:
मे महिन्यातला गुरुवार, जेवायला दुकान बंद करायची वेळ.
तो आला. हातात नमुन्याची किल्ली, तिला निळा दोरा.
मेहुणी विसरभोळी आहे, म्हणाला,
एक जास्तीची असलेली बरी.
मी यंत्र लावलं. कानशीनं कडा मारल्या.
फुंकरीनं पितळेचा कीस उडवला
आणि त्याच्या तळहातावर ठेवली.
गरम होती अजून.
दीड हजार पेसो. त्यानं सुटे दिले.

टाळीला लागत असतील दोन हात, डोन्या एदुविखेस.
किल्ली एका हातानं फिरते.

काल संध्याकाळी यास्ना आली.
साखळी मागेल असं वाटलं, मी खालच्या कप्प्याकडे वाकलोही.
तिनं काउंटरवर किल्ली ठेवली.
दोरा तोच, जरा मळलेला.
हिच्यावरून किती काढल्या?

बाहेर पाणी फळ्यांखाली आपटत होतं.
एक, म्हणालो.

तिनं माझंच पावतीपुस्तक
माझ्याकडे सरकवलं.
तारीख घालून, म्हणाली.