जमिनीचा आकडा

कळंगुटला माझा आकडा अकराच्या आसपास असतो.
ओली वाळू, खारं पाणी; लाट मागे सरली
की यंत्र जरासं कुरकुरतं, मग गप्प.
तिथे मी अंगठ्या शोधतो,
पुण्याच्या, लुधियान्याच्या, नुकत्याच लग्न झालेल्या बोटांतून निसटलेल्या.
नवरी रडते, नवरा किंमत सांगतो,
मी माझा दर सांगतो.

पिसुर्ल्यात अकराला विचारतो कोण?
तबकडी जमिनीला दाखवली मात्र,
हेडफोनमध्ये अख्खं गाव एकदम बोललं.
इथली माती म्हणजे
खाणीने न्यायचा राहिलेला माल.
चपलेला लागते तीसुद्धा टनावर विकता येईल.

शालन म्हणाली, इथून फेकली त्यांनी,
आणि सोप्यावरून काजूच्या दिशेने हात केला.
ट्रकची चावी.
खाण बंद झाल्याची बातमी आली त्या सांजेला.
ट्रक मग दारातच गंजला;
बेळगावच्या भंगारवाल्याने तुकडे करून
दोन खेपांत नेला.
आता चावी कशाला, हे मी विचारलं नाही.
शाणू गावस आमच्याकडे पाठ करून
सुपारी कातरत होता.

जागा हवी, मी म्हटलं, काही न पुरलेली.
तिने वाफा दाखवला, तांबड्या भाजीचा,
दिवाडीहून माती आणून घातलेला.
तिथे यंत्र पाहुण्यांपुढच्या मुलासारखं वागलं.
पण ती शांतता इथे कुचकामी.
उसनी माती आकडाही उसनाच देते.
जिथे शोधायचं तिथलीच ऐकवावी लागते,
ती कितीही ओरडो.

मग काजूखाली उभा राहिलो, बटण दाबून धरलं,
तबकडी वीतभर वर, बोटभर खाली,
वर, खाली,
कुणी हवेत पोहे कांडावेत तशी.
बहात्तर. अजून किंचाळतंय.
ऐंशी.
पंच्याऐंशीला नुसतं गुरगुरलं.
शालनला वाटलं बिघडलं.

माझे वडील बार्जवर होते, छातीत धूळ घेऊन घरी यायचे.
रात्रभर खोकायचे, आणि आई त्यात गाढ झोपायची.
दाराची कडी हलली, एवढीशी,
की ताडकन उठून बसायची.
तिला कुणी शिकवलं नव्हतं.
मला हे यंत्र घेऊन सात वर्षं लागली.

अठ्ठ्याऐंशी.
जमीन बोलतच होती,
यंत्राने ते घरचं बोलणं म्हणून सोडून दिलं.
कानात डासाएवढी एक रेघ उरली, सपाट.
आता चालायला हरकत नव्हती.

सोड्याची बुचं निघाली, नऊ.
एक बेअरिंग, त्यातल्या गोळ्या अजून फिरत होत्या.
चाकाचा नट, तो शालनने ओळखला
आणि पायाने पुन्हा मातीत ढकलला.
ऊन डोक्यावर आलं तेव्हा
रेघेवर एक टिंब उमटलं,
उजवीकडून गेलो तरी तेच, डावीकडून तरी तेच.
दोन बोटं खोल. पितळेचे दात,
किचेनमधल्या देवाचा रंग उडालेला.

कातर थांबली.
"मेळ्ळी?"
सकाळपासूनचा त्याचा पहिला शब्द.

शालनने ती तांब्यातल्या पाण्याने धुतली.
त्याने घेतली, आत गेला,
छत्रीशेजारच्या खुंटीला अडकवली.
खुंटीखाली चुन्यावर एक अर्धगोल घासलेला होता,
तिथे ती बरोबर बसली,
दोनदा हलली.
मला त्याने भाड्यावर दोनशे जास्त दिले
आणि कोकमाचं सरबत प्यायल्याशिवाय सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कळंगुटला
आकडा बदलायचं विसरलो.
अठ्ठ्याऐंशीवर समुद्र असा काही बोंबलला
की हेडफोन काढायला हात गेला,
पण काढला नाही.
घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून
चार लाटा ऐकल्या.
मागून कुणाची तरी नवरी विचारत होती, मिळाली का?
थांबा, म्हटलं,
अजून जमीन लावतोय.