सोळाशेची

पत्रा तोच. दारं तीच. मागच्या काचेचा उतारसुद्धा तोच.
हुमैदच्या शेडमध्ये दोघी शेजारी उभ्या केल्या
तर लांबून जुळ्या म्हणाल.
काळी सोळाशेची.
उन्हानं विटलेली तांबडी एकोणीसशेची.

"साताब्बा," हुमैद म्हणाला,
"एक ठेवीन, एक विकीन. सांग कुठली."
(अरबीत प नाही, म्हणून रास अल खैमात
अकरा वर्षं मी साताप्पाचा साताब्बा.)

कागदावर तांबडीच. घोडे जास्त, ओढ जास्त.
पण आमच्या उद्यमनगरात मिस्त्री
कास्टिंग हातावर झेलून वजन सांगायचे
आणि कागद नंतर यायचा.

गुलबाजच्या भंगारकाट्यावर काळी आठशे साठ,
तांबडी नऊशे वीस.
तो काटा वीसच्या पटीतच बोलतो,
खरं काय ते मधे कुठंतरी.
म्हणून सुट्टीला निघताना बॅगा तोलायचा माझा स्प्रिंगचा काटा काढला,
एकेक वस्तू टांगली.
एसीचा कंप्रेसर. जाड डिस्क. मोठी बॅटरी.
आणि तो उंच ब्लॉक, जो टांगता येत नाही.
सगळं नाकात.

वजन किती, हा प्रश्नच अर्धा.
पाच किलोचा घण छातीशी धरा,
मग तोच हात लांब करून धरा,
आणि वळा.

रात्री जेबेल जैस.
काळी चार हजारांपर्यंत पेंगते,
मग अशी उठते की गिअर टाकायला हात कमी पडतो.
चढावर धाप लागते तिला, खोटं कशाला बोलू.
पण स्टिअरिंगला पॉवर नाही, मधे कुणी दुभाषी नाही,
डांबरावरचा खडा थेट बोटांना कळतो.
बघाल तिकडे वळते.
चुकलात तर आधी कुरकुरते, मग चुकते.

तांबडी तिसऱ्यात ठेवली की डोंगरच खाली यायला लागतो.
हुमैद हसत होता. मीही.
उतरताना एका वळणात बकरी.
त्यानं पाय उचलला.

वळणात पाय उचलायचा नाही.
हे मी त्याला सांगितलं होतं, शाजीनं मल्याळी हिंदीत सांगितलं होतं.
वजन धावत पुढं गेलं, मागची चाकं पोरकी,
आणि दरी काय आहे ते
आमच्याआधी शेपूट बघून आली.
दिव्यांच्या उजेडात खडक, मग काहीच नाही, मग परत रस्ता.
बकरी तिथंच. रवंथ करत.

इंजिन बंद करून बसलो.
सायलेन्सर टिक् टिक् करत निवत होता.
"सांग कुठली," तो पुन्हा म्हणाला, यावेळी हळू.
काळी, मी म्हटलं. माफ करते ती.

आठवड्यानं त्याचा निकाल लागला:
काळीचं अंग, तांबडीचं इंजिन.
दोघींतलं चांगलं एकत्र, म्हणाला.
मी काही बोललो नाही. पगार बोलण्याचा नसतो.
चार दिवस, नवे माउंट, पुढच्या स्प्रिंगा जाड केल्या.
आता ती सरळ रस्त्यावर भिंगरी आहे,
आणि वळणात थोडी विचार करते.
हुमैद खूश. तांबडीचं रिकामं अंग गुलबाजकडे गेलं.

सोळाशेचं इंजिन शेडच्या कोपऱ्यात, स्टँडवर,
जुन्या कंदुऱ्याखाली झाकलेलं.
नेऊ का, विचारलं तर हुमैदनं हात झटकला. ने.
दुपारी शाजी घोरत असतो तेव्हा
पाना लावून क्रँक फिरवून बघतो.
दोन बोटांत फिरते अजून.

सुटं केलं तर नव्वद किलो भरतं.
विमानात तीस नेता येतात,
सुट्टी दोन वर्षांनी एकदा.
तीन खेपा.
पहिल्या खेपेला हेड न्यावं म्हणतोय.