दोन नोंदींच्या मधलं

हल बंदरात, गोदीशेजारी, दुसऱ्या मजल्यावर
मी पाणी चढवते.
सहाला दोन मीटर दहा, सातला तीन चाळीस.
मधलं कुणी मोजलेलं नाही,
ते माझ्याकडे.

आधी सरळ रेघ मारली.
पडद्यावरचं जहाज दर तासाला
ठेच लागल्यागत दचकायचं.
मग कोपरे घासले,
वेगात वेग मुरवला.

निवृत्त पायलट डेरेक ऑल्थॉर्प
सुकाणू धरून बघत राहिला.
"छान. पण भरती माथ्याला पोचली
की जरा थांबते.
तू थांबूच देत नाहीस."

रात्रभर कोडमध्ये थांबायला जागा शोधली.
अकरा मिनिटं सापडली.

उजाडताना पाहिलं:
हंबर केव्हाच
चिखल उघडा टाकून निघून गेली होती.