उभा छेद

पोरीची दहावीची प्रॅक्टिकल वही, अर्धी कोरी.
पहिल्या पानावर जास्वंदीचा उभा छेद,
खाली सरांची लाल सही.
तिथून पुढं माझं:
आखलेल्या बाजूला आकडे,
कोऱ्या बाजूला वाफे.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गादीवाफा.
वांग्याचं बी घरचं, राखेत घोळलेलं.
सहाव्या दिवशी मातीला पापुद्रे सुटले.
लिहिलं: आले.
किती, ते लिहिलं नाही. मोजलं की दृष्ट लागते.
आठव्या दिवशी मोजलेच. तीनशे बारा.

नवरात्रात लावण. ओळी चौदा.
मधल्या सऱ्यांत सांभार, काठानं मुळा,
कुंपणावर वाल.
देवराव म्हणाले, टमाटर लाव, भाव आहे.
भाव होता.
लावून होईस्तोवर होता.

लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री.
रात्री बाराला मोटार, कपाळाला बॅटरी,
पाणी सरीत वळलं
हे आधी पायाला कळतं,
मग फावड्याला.
(हे वहीत नाही.)

कार्तिकात मर, सात झाडं.
रोही येऊन गेला. ओळ नऊ, शेंडे नाहीत.
कोऱ्या बाजूला त्याचं खूर काढायला गेली
तर वालाचा फुटका दाणा झाला.
तसाच ठेवला.

पहिला तोडा चार किलो. तेवढ्यासाठी बाजारात कोण बसतं,
शेजारी वाटली.
दुसरा एकोणीस. तिसऱ्याला पाट्या पुरल्या नाहीत.
सांभार एका रविवारी दहाची जुडी,
पुढच्या रविवारी दहाच्या चार,
त्याच्या पुढच्या रविवारी बसस्टँडवरच्या गाईनं खाल्ला.
तिला सगळे भाव सारखे.
टमाटराचं पान मी उलटून टाकलं.

ओळ तीन, झाड सहावं.
एक वांगं बियाण्याचं ठेवलं, पोरीची लाल रिबीन बांधून.
जांभळं होतं ते तांबूस, मग पिवळं, मग पितळेसारखं,
डहाळी टेकायला लागली तसा
खाली विटेचा तुकडा दिला.
एका वांग्याची अकरा चित्रं आहेत वहीत.
सरांनी पाहिली असती तर सही दिली असती.

फाल्गुनात बहिणीकडं लगीन, दोन दिवस.
रितिकनं, पुतण्यानं, तोडा केला. मन लावून केला.
रिबीन नीट घडी करून मोटारीच्या पेटीवर ठेवली होती.
"मोठी आई, सगळ्यात जड तेच भरलं!"
मी काही बोलली नाही.
आकडा लिहिला: सव्वीस किलो.
ते त्यातच होतं.

पुढच्या बाजाराला पंचफुलाबाई
पिशवी उघडायच्या आधीच सुरू झाली:
"कसं वांगं देल्लं वं तुह्या पोरानं?
चिरलं त नुसतं बी. गोटा!
फेकलं मांगं उकिरड्यावर."
"उभं चिरलं का आडवं?"
"आता त्यानं काय होते?"
मी तिला दोन किलो भरून दिली, पैसे घेतले नाहीत.
ती जराशी घाबरलीच.

चैत्रात वाडी मोडली. पऱ्हाट्यासारखी वाळलेली झाडं धुऱ्यावर.
बेरीज दोनदा केली, दोन आल्या.
लहान धरली.

अक्षय तृतीयेला तिचा निरोप:
मोरीच्या पाण्यावर काहीतरी उगवलं,
पान खरबरीत आहे, उपटू का?

वही घेऊन गेली.
अंड्याची टरफलं, एक तुटकी चप्पल, कांद्याचा पाचोळा,
आणि चपलेच्या आतसुद्धा
दाटीनं, एकमेकींच्या अंगावर रेलून.
मी उकिडवी बसली. बोट धरून एक, दोन...
"मोजू नको, दृष्ट लागन," पंचफुलाबाई म्हणाली.
मग थोड्या वेळानं,
"निम्मे माहे."

बरोबर आहे.
जागा तिची, पाणी तिचं,
आणि चिरलंही तिनंच.