कांडी

तीनशे चाळीस विधानं होती.
खरं किंवा खोटं, मधलं घर नाही.
सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात, मेडिकलच्या जुन्या इमारतीत,
कूलरच्या ओल्या वाळ्यासमोर बसून
मी ती मराठीत आणायला घेतली.
सहा महिन्यांचं काम, असं वाटलं होतं.

अडलं ते एकशे सतराला.
'मला आतून रिकामं वाटतं.'
तांडापेठेतल्या गिरजाबाई पराते म्हणाल्या,
"रिकामी कवा रायतो वो मी?
पाहाटी चारपासून हात चालू हायेत."
आणि 'खोटं'वर खूण करायला लावली.
मी केली.
त्यांनी पदर मनगटावर ओढून घेतला,
त्या उन्हाळ्यात, बाहेर सेहेचाळीस असताना.

शब्द बदलून पाहिले.
पोकळ म्हटलं की लोक बांबूवर बोलत,
सुनं म्हटलं की घरात कोण वारलं ते सांगत.
तिसऱ्या खेपेला गिरजाबाईंनीच सांगितलं,
दाराशी, चपला शोधता शोधता:
"धोटा फिरते बाई इकडून तिकडं,
आवाजही येते बराबर.
आत कांडीच नाही."

मी ते तसंच उतरवलं, विधान म्हणून.
दिल्लीहून लाल शाईत आलं: कांडी म्हणजे काय?
धरमपेठेच्या कॉलेजातल्या मुलींनी पुढे प्रश्नचिन्हं काढली.
आकडेमोडीत ते कुठल्याच रकान्यात बसेना.
वगळलं.
प्रबंधात त्याची एक तळटीप उरली आहे.

मग वर्षं गेली, ती सांगण्यासारखी नाहीत.
कोर्टाचे अहवाल. बुधवारची ओपीडी.
खोटेपणा मोजायलाही विधानं असतात:
'मी आजवर कोणालाच फसवलेलं नाही.'
सक्करदऱ्याचा एक सराफ पटकन म्हणाला, खरं.
बाहेर बाकावर त्याची बायको
माझ्या शिपायाकडे परतीचे सुटे पैसे मागत होती.

आणि ती नावं.
'सीमावर्ती व्यक्तिमत्त्व', मी एका बापाला समजावत होते,
त्याने गंभीरपणे विचारलं,
"म्हणजे सावनेरच्या पुढं का, मॅडम?"
मला हसू आलं. त्याला नाही.
त्याची पोरगी खिडकीतून रिक्षा मोजत होती,
आणि खरंच, त्या मुलीचं गाव
कुठल्याच बाजूच्या नकाशात नव्हतं.

मी निदान पेन्सिलीने लिहायची.
सर चिडत, फाइल आहे ही, पाटी नव्हे.
पण आपल्याकडे निदान म्हटलं
की पुढे 'एवढं तरी' येतंच.
निदान झोप तरी.
निदान या दिवाळीला घरी.
त्याच्यापुढचं लिहायला शाई मला कधी पुरली नाही.

आता चाचणी टॅबवर आहे, अठरा मिनिटांत होते.
गेल्या महिन्यात गोळीबार चौकातली एक संशोधक मुलगी आली,
क्षितिजा पराते, गिरजाबाईंची कोणी नाही, मी विचारलं.
तिने ती तळटीप शोधली होती.
"मॅडम, कांडी म्हणजे?"

मी सांगायला गेले, शब्द सापडेना.
मग हातच वर केला,
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
तोंडाने खट, खट,
तिला केव्हाच कळलं होतं,
तिने वहीत लिहूनही घेतलं,
टोपण लावलं पेनाला,
आणि माझा हात अजून चालूच होता.